एटीसी खाली उतरवतच नाही! सिममधला आयएलएस अप्रोच दर वेळी फसतो तेव्हा

रविवारी दुपारी तांबडा-पांढरा ओरपून जरा आडवं व्हावं म्हटलं की फोन वाजतो. "दादा, परत तसंच झालंय बघ. रनवे नाकासमोर, मी सहा हजारावर, आणि ते कंट्रोलवालं बेणं अजून हेडिंगच सांगत बसलंय."

कोल्हापुरात घरी फ्लाइट सिम्युलेटर लावून बसणारी आम्ही मोजकीच माणसं. त्यातल्या बहुतेकांच्या पीसीसमोर मी याच तक्रारीपायी कधी ना कधी बसलोय. माझं पोटापाण्याचं काम उद्यमनगरात, लेथवर. मशीन थांबलं की आधी पट्टा बघायचा, मग फ्यूज, मग मोटर. पहिल्या झटक्यात मोटर खोलणारा कारागीर गिऱ्हाइकाचा खिसा कापतो. सिमलाही मी हाच क्रम लावतो.

आयएलएस म्हणजे धावपट्टीकडून येणारे दोन रेडिओ झोत: लोकलायझर डावं-उजवं दाखवतो, ग्लाइडस्लोप उतरणीची वाट. त्यांच्या आधारानं उतरायला येणं म्हणजे आयएलएस अप्रोच. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. सिममधला एटीसी, म्हणजे रेडिओवरून दिशा आणि उंची सांगणारा कंट्रोलर, ही नुसती अटी आणि ठरीव वाक्यांची साखळी. तुम्ही फाइल केलेली योजना, तुमची जागा आणि उंची एवढंच तो बघतो. जीपीएसमध्ये तुम्ही काय भरलंय, ऑटोपायलट कुठल्या मोडला आहे, हे त्याला दिसत नाही. "एटीसीनं घोळ घातला" म्हणून मला ज्या ज्या घरी बोलावलं, तिथं बहुतेक वेळा घोळ कॉकपिटमध्येच निघाला. उरलेल्या वेळी चूक खरंच एटीसीची होती, पण तीही पायलटला दहा मिनिटं आधी दिसली असती.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं ते आधी ठरवा. बऱ्याचदा दोन-तीन एकत्र येतात.

धावपट्टी १० मैलांवर आली तरी विमान वरच, आणि खाली यायचा हुकूम येतो तो फार उशिरा.

सांगितलेली उंची काटेकोर धरलीय, तरी एटीसी "क्लाइंब अँड मेंटेन" घोकतोय.

लोकलायझरची सुई मधे येते, पण ऑटोपायलट तिच्याकडे न बघता सरळ पलीकडे निघून जातो.

लोकलायझर पकडतो, ग्लाइडस्लोप पकडत नाही.

व्हेक्टर (एटीसीनं सांगितलेली हेडिंगं, म्हणजे नाकाच्या दिशा) एका रनवेचे मिळतात आणि स्क्रीनवरची रेघ दुसरीकडेच जाते. किंवा विमान अचानक पाठ फिरवून भलत्याच बिंदूकडे निघतं.

एटीसी मधेच आयएफआर (उपकरणांच्या आधारानं उडायची परवानगी) रद्द करून टाकतो. किंवा ऑटोपायलट आपोआप सुटतो.

आल्टिमीटर: दोन सेकंदांचं काम

"उंची बरोबर आहे तरी ओरडतोय" याचं औषध बहुतेक वेळा इथंच असतं. पावसाळ्यात कोकणपट्टीवरचा हवेचा दाब उतरलेला असतो. जुलैत क्यूएनएच (त्या जागचा, समुद्रसपाटीला धरून काढलेला दाब) १००४-१००५ च्या आसपास दिसणं नेहमीचंच. लाइव्ह वेदर चालू ठेवलंत आणि आल्टिमीटर (दाबावरून उंची दाखवणारा काटा) १०१३ या प्रमाण दाबावरच राहिला, तर ८-९ हेक्टोपास्कलचा फरक पडतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २७-२८ फूट धरले तर झाले अडीचशे फूट. आल्टिमीटर ३,००० दाखवतो, विमान असतं पावणेतीन हजारांवर. एटीसी ओरडतो ते बरोबरच ओरडतो.

याच्या उलटही होतं. ट्रान्झिशन अल्टिट्यूडच्या वर १०१३ लावायचं हा नियम आहे, आणि ही उंची देशागणिक, काही ठिकाणी विमानतळागणिक वेगळी असते. अमेरिकेत ती सरसकट १८,००० फूट. आपल्याकडे ती बरीच खाली असते आणि चार्टवर, म्हणजे वैमानिकाच्या नकाशावर, छापलेली असते. काही सिममधला एटीसी मात्र अमेरिकेचाच आकडा जगभर लावतो. तुम्ही भारतीय नियमानं १२,००० ला १०१३ लावलं की त्याच्या हिशेबात तुम्ही चुकीच्या उंचीवर. अशा एटीसीबरोबर उडताना मी १८,००० च्या खाली क्यूएनएचच ठेवतो. नियमाला धरून नाही, पण त्याचं तोंड बंद होतं.

रेडिओ

तीन गोष्टी बघा. पहिली, रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं. एटीसीनं सूचना दिली आणि तुम्ही उत्तर न देता फ्रिक्वेन्सी बदलली, तर तो तुमची वाट बघत बसतो आणि शेवटी आयएफआर रद्द करतो. आधी उत्तर द्या, मग बदला. दुसरी, टाइम अ‍ॅक्सिलरेशन. कोल्हापूर ते मुंबई साधारण १६५ सागरी मैल. कंटाळा येतो म्हणून लोक चौपट वेग लावतात. चौपट वेगात एटीसीचं एक वाक्य संपेपर्यंत विमान तीन-चार मैल पुढं गेलेलं असतं. उतरणीच्या अर्धा तास आधी वेग एकपट करा.

तिसरी सगळ्यात साधी, आणि तिनं मलाही फसवलंय: आयएलएसची फ्रिक्वेन्सी स्टँडबायलाच राहिली, अ‍ॅक्टिव्हला घेतलीच नाही. लोकलायझर १०८.१० ते १११.९५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो आणि दशांशानंतरचा पहिला आकडा नेहमी विषम. चार्टवरून १०९.२० वाचलंत तर डोळ्यांची चूक झालीय, परत वाचा. ट्यून केल्यावर मोर्समधली ओळख ऐका. खऱ्या विमानात ती न ऐकता कुणी अप्रोच चालू करत नाही. घरी आम्ही सगळेच तो आवाज बंद ठेवतो, आणि म्हणूनच फसतो.

सुईचा रंग बघा

विमान लोकलायझर ओलांडून निघून जातं त्यामागचं नेहमीचं कारण म्हणजे सीडीआय (मार्गापासून किती ढळलात ते दाखवणारा काटा) जीपीएसवर राहिलेला असतो. काचेच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे जी-१००० सारख्यात, जीपीएसची सुई मॅजेंटा रंगाची आणि लोकलायझरची हिरवी. आयएलएस उडवताना सुई मॅजेंटा दिसली की थांबा. सीडीआयचं बटण दाबा, हिरवी करा, मगच अप्रोच मोड आर्म करा, म्हणजे झोत पकडायला तयार ठेवा. क्रम उलटा केला तर ऑटोपायलट जीपीएसचाच अप्रोच आर्म करून बसतो आणि तुम्हाला वाटतं की सगळं तयार आहे.

शाहूपुरीतल्या एका मित्रानं या एका कारणापायी सिम दोनदा अनइन्स्टॉल करून परत टाकलं होतं. शंभर जीबीच्या वर डाउनलोड, तेही पावसात रडणाऱ्या इंटरनेटवर. बटण एक.

पकडण्याचा कोनही बघा. लोकलायझरला ३० अंशांच्या आसपास छेद द्यावा. एटीसीनं ६०-७० अंशांवर आणून सोडलं, तर सुई इतकी झपकन सरकते की ऑटोपायलट वळेपर्यंत विमान पलीकडे गेलेलं असतं. लोकलायझरची सुई मध्यापासून टोकापर्यंत जेमतेम अडीच अंशांत फिरते, व्हीओआरची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची, १० अंशांत. व्हीओआरच्या सवयीनं सुई हलायची वाट बघत बसाल तर उशीर झालाच. अशा वेळी हेडिंग मोडमध्ये स्वतःच थोडं आधी वळा आणि कोन कमी करा.

उंचीचा हिशेब, खरं दुखणं इथं आहे

सुरुवातीच्या फोनमधली तक्रार याच घरातली, म्हणून इथं जरा बसून बोलू.

ग्लाइडस्लोप साधारण ३ अंशांचा. म्हणजे एका सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट. धावपट्टीपासून १० मैलांवर तुम्ही तिच्या सुमारे ३,२०० फूट वर असायला हवं, ६ मैलांवर २,००० च्या जरा आत. आता गंमत बघा. गोव्याला दाबोळीकडे जाताना १० मैलांवर आल्टिमीटर ६,००० दाखवत असेल, तर तुम्ही अडीच हजारांहून जास्त फुटांनी वर आहात. तो अप्रोच गेला. तेच ६,००० कोल्हापूरच्या उजळाईवाडीला उतरताना १० मैलांवर असतील, तर आपला विमानतळ मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच, म्हणून हवे होते ५,२००. तुम्ही फक्त आठशेनं वर आहात, सावरता येईल. "सहा हजारावर होतो" एवढं सांगून काही कळत नाही. कुठल्या विमानतळाला, किती मैलांवर, ते सांगा.

एटीसी उशिरा उतरवतो कारण बऱ्याच सिममध्ये तो मैल मोजून ठरलेल्या टप्प्यावरच हुकूम सोडतो. तुमचं विमान जेट आहे की सेस्ना, उतरणीला किती वेळ लागेल, याचा विचार त्यात कमी. म्हणून हिशेब तुमच्याकडे हवा. हजार फूट उतरायला ३ मैल, हा जुना ठोकताळा. कोल्हापूरहून दाबोळी सरळ रेषेत ८० मैलांच्या आसपास. समजा ८,००० वर चाललाय आणि अप्रोचच्या सुरुवातीला २,००० हवे आहेत. ६,००० फूट उतरायचे, म्हणजे १८ मैल. २,००० फुटांवर ग्लाइडस्लोप धावपट्टीपासून ६ मैलांवर भेटतो, ते धरून २४, आणि वेग कमी करायला अजून तीन-चार. म्हणजे धावपट्टीपासून २८ मैलांवर नाक खाली जायला हवं. उतरण्याचा दर काढायचा तर ग्राउंडस्पीडला ५ नं गुणा: १२० नॉट असेल तर मिनिटाला ६०० फूट.

हा २८ चा आकडा आधी कागदावर लिहा. ३२ मैलांवर आलात आणि एटीसी गप्प असेल, तर मेन्यूतून खालची उंची मागा. खरा पायलटही मागतोच. नाही दिली तर आणखी एकदा मागा. तरी नाही दिली आणि १० मैलांवर हजारभर फुटांनी वर राहिलात, तर नाक दाबून धावपट्टीवर झेप घेऊ नका. मिस्ड अप्रोच (उतरणं सोडून परत वर जाणं) सांगा, परत व्हेक्टर घ्या. वरून सूर मारून ग्लाइडस्लोप पकडायची खोड वाईट. अप्रोच मोड बांधलेला असतो तो खालून येणाऱ्या विमानासाठी: सुई वर असते, हळूहळू मधे येते, ऑटोपायलट पकडतो. खऱ्या आयएलएसला तर ३ अंशांच्या वर, ९ अंशांजवळ, खोटे झोतही असतात. लोकलायझर पकडून ग्लाइडस्लोप सुटण्याची तक्रार जवळजवळ नेहमी याच चुकीतून येते.

आता उलट बाजू, आणि ही जास्त गंभीर. सिममधला एटीसी कधी कधी फार लवकर, फार खाली उतरवतो. खऱ्या रडार कंट्रोलरकडे कुठल्या भागात किती उंचीखाली न्यायचं नाही याचा नकाशा असतो. अनेक सिममधल्या स्क्रिप्टकडे तो नसतो. कोल्हापुरातून पश्चिमेला निघालात की राधानगरी, गगनबावड्यापाशी सह्याद्रीची धार, आणि तिच्यापलीकडे जमीन कोकणात कोसळते. पावसाळ्यातल्या ढगात एटीसीनं २,५०० सांगितले आणि तुम्ही मुकाट ऐकलंत, तर डोंगरात घुसाल. चार्टवर एमएसए लिहिलेली असते: एका बिंदूभोवती २५ मैलांच्या वर्तुळात सगळ्या अडथळ्यांपासून किमान १,००० फूट अंतर देणारी उंची. ती आधी बघून ठेवा. छापील अप्रोचच्या रेषेवर स्थिर झाल्याशिवाय सिमच्या एटीसीचं ऐकून तिच्याखाली जायचं नाही.

"क्लिअर्ड फॉर अप्रोच" ऐकलं म्हणजे लगेच खाली जायची परवानगी मिळाली, असं पुष्कळांना वाटतं. हा गैरसमज घरातल्या खुर्चीवर फार तर सिम रीस्टार्ट करायला लावतो. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळच्या डलेसकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए ५१४ या बोइंग ७२७ ला धावपट्टी ४० मैलांहून दूर असतानाच अप्रोचची परवानगी मिळाली, वैमानिकांनी १,८०० फुटांकडे उतरायला सुरुवात केली, आणि विमान माउंट वेदरवर आदळलं. ९२ जण गेले. पायलट आणि कंट्रोलर त्या एका वाक्याचा वेगवेगळा अर्थ लावत होते. त्यानंतर अमेरिकेत नियम स्पष्ट झाले: छापील मार्गावर येईपर्यंत शेवटची दिलेली उंची धरायची. सिममध्येही तेच करा.

योजना एक, जीपीएस दुसरं

आल्टिमीटर, रेडिओ, सुई, उंची, चारही बरोबर निघाले तरच पुढं या. योजना फाइल करताना तुम्ही अप्रोच निवडला नव्हता किंवा एक निवडून नंतर जीपीएसमध्ये बदलला, तर एटीसीला त्याचा पत्ता नसतो. तो वारा बघून त्याला वाटेल तो रनवे देतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून मुंबईला २७ आणि दाबोळीला २६ मिळणार हे गृहीत धरूनच योजना करा. वेगळा मिळाला तर वाद न घालता एटीसीकडून दुसरा अप्रोच मागा किंवा जीपीएसमधला बदला. दोन्हीकडे एकच हवा, एवढंच.

विमान मागं वळतं त्याचं कारणही इथंच. अप्रोच टाकताना तुम्ही सुरुवातीच्या फिक्सपासूनचा (चार्टवरच्या ठरलेल्या बिंदूपासूनचा) पूर्ण मार्ग घेतलेला असतो आणि एटीसी देतोय व्हेक्टर. नॅव्ह मोड दाबला की जीपीएस इमानदारीत राहिलेला फिक्स गाठायला निघतं. व्हेक्टर मिळत असतील तर हेडिंग मोडमध्ये राहा आणि प्रोसिजरच्या पानावर व्हेक्टर्स टू फायनल अ‍ॅक्टिव्हेट करा.

आयएलएस नाही तिथं आरनॅव्ह, म्हणजे जीपीएसवरचा, अप्रोच लागतो आणि मग वरचा रंगाचा नियम उलटतो: सुई मॅजेंटाच हवी. यात एलपीव्ही म्हणजे उपग्रहाच्या आधारानं ग्लाइडस्लोपसारखी उभी वाट. आपल्या गगन या उपग्रह यंत्रणेवर एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोच्या एटीआरनं असा अप्रोच उडवून दाखवला. हे वाचून माझा भाचा सिममध्ये भारतातल्या हर एक धावपट्टीला एलपीव्ही शोधत बसला होता. चार्टवर एलपीव्हीची ओळ नसेल तर उभी सुई येणार नाही. त्यात बिघाड काही नाही.

डेटा जुना

नॅव्हिगेशनचा डेटा जगभर २८ दिवसांच्या चक्रानं बदलतो, त्याला एआयआरएसी म्हणतात. सिमचा डेटा एका चक्राचा आणि हातातलं चार्ट दुसऱ्याचं असलं, की फिक्सची नावं जुळत नाहीत आणि आधी आपल्यालाच वेड लागल्यासारखं वाटतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ईएआयपी (विमानतळांची अधिकृत माहिती आणि चार्ट) इंटरनेटवर फुकट बघता येतं, त्यातलं चार्ट समोर ठेवून फिक्स आणि फ्रिक्वेन्सी ताडून बघा. सिमसाठी ताज्या डेटाची वर्गणी घ्यायची की नाही हा खिशाचा प्रश्न. इतकी वर्षं माझं त्यावाचून अडलेलं नाही. जुन्या डेटाला जुनं चार्ट जुळवून घेतो.

हार्डवेअर, आणि इथून पुढं जपून

ऑटोपायलट आपोआप सुटत असेल तर योकवर, म्हणजे हातातल्या सुकाणूवर, संशय घ्या. आतला पोटेन्शिओमीटर झिजला किंवा त्यात धूळ गेली, की हात न लावता अक्ष थरथरतो. काही विमानं त्याला पायलटनं योक ओढला असं समजून ऑटोपायलट सोडून देतात. सेटिंगमध्ये तो अक्ष बघा. हात नसताना आकडा नाचत असेल तर डेडझोन (बारीक हालचाल मोजली जात नाही तो मधला पट्टा) थोडा वाढवा, ३-४ टक्क्यांनी सुरू करा. योकची वायर काढून अप्रोच उडवून बघा. ऑटोपायलट टिकला तर चोर सापडला.

एटीसी बदलणं हा सगळ्यात खर्चिक आणि शेवटचा उपाय. कृत्रिम आवाजाचे नवे विकतचे एटीसी बरंच बरं बोलतात, पण त्यातले काही इंटरनेटवर चालतात. ते गेलं की अप्रोचच्या मधेच मौन. माणसांशी बोलायचं असेल तर व्हॅटसिम हे सिमवाल्यांचं ऑनलाइन जाळं फुकट आहे. तिथं कंट्रोलर स्वयंसेवक असतात. कुणी नसेल तर १२२.८०० वर आपण काय करतोय ते सांगत जायचं. पण वरच्या चुका घेऊन तिथं जाऊ नका. स्क्रिप्ट ओरडते, माणसाची संध्याकाळ वाया जाते.

थांबायचं कुठं? योक वॉरंटीत असेल तर खोलू नका, विकणाऱ्याकडे द्या. वॉरंटी संपलीय आणि सोल्डरिंग येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे द्या. पोटेन्शिओमीटर बदलणं त्याच्यासाठी किरकोळ काम आहे. पीसीच्या धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सिम विसरा. अर्थिंगचा प्रश्न आहे, वायरमन बोलवा, तोवर प्लग काढून ठेवा. सगळ्या तपासण्या झाल्या, नवी साधी योजना आणि सिमचं मूळ सेस्ना घेऊनही तोच दोष तसाच परत येत असेल, तर तो सिमचा बग. स्क्रीनशॉट आणि योजनेची फाइल जोडून कंपनीच्या सपोर्टला कळवा आणि अपडेटची वाट बघा. रजिस्ट्री उचकटत बसू नका.

आणि तुम्ही खरंच पायलट व्हायला निघाला असाल, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा सराव म्हणून हे करत असाल, तर अप्रोचच्या परवानगीचा अर्थ, किमान उंच्या, मिस्ड अप्रोच कधी घ्यायचा, हे प्रश्न माझ्याकडे आणूच नका. मी लेथवाला. ते रेटिंग असलेल्या इन्स्ट्रक्टरला विचारा, आणि सिमच्या एटीसीनं लावलेल्या सवयी त्यांना आधीच सांगून टाका.